प्रागचा दवाखाना आणि देवगडची रेंज

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. माझ्या पत्नीची बहीण नोकरीनिमित्त प्रागमध्ये राहते. तिच्याकडे राहून तेथील दवाखान्यात आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवण्याचा उपचार घ्यायचे आम्ही ठरवले आहे. मार्चच्या मध्यावर आम्ही दोघेही जाणार आहोत. माझ्या वीर्याचा नमुना गोठवून ठेवण्याची व्यवस्था झाली की मी आंबा काढणीसाठी परत येईन आणि पत्नी उपचार पूर्ण होईपर्यंत तेथे राहील. आमच्या वाडीत फोनला धड रेंज नाही. नीट बोलायचे तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर जावे लागते. कोणते सिम घ्यावे, संपर्क कसा ठेवावा आणि येथे बसून मला तिची काय मदत करता येईल?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : सिम कोणते घ्यायचे हे सर्वांत शेवटी ठरवले तरी चालेल. त्याआधी उपचाराच्या कोणत्या दिवशी कोणाचा फोन कोणाला लागलाच पाहिजे, हे आपण दोघांनी आणि मेहुणीने एकत्र बसून कागदावर मांडावे. तसे केल्यास लक्षात येईल की फोन हुकला तर उपचाराचे खरोखर नुकसान होईल असे प्रसंग मोजकेच आहेत आणि त्यांतील बहुतेक प्रसंगी फोन देवगडला नव्हे, तर प्रागमध्येच लागायला हवा.

स्त्रीबीजे वाढवण्याची इंजेक्शने साधारण ८ ते १४ दिवस चालतात. या काळात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते, गरजेप्रमाणे रक्त तपासले जाते आणि तो निकाल पाहून त्याच दिवशी औषधाची मात्रा बदलली जाऊ शकते. हा बदल पत्नीला संध्याकाळच्या इंजेक्शनाआधी कळायला हवा. म्हणून दवाखान्याच्या अर्जावर पत्नीचा तेथील स्थानिक क्रमांक, त्याखाली मेहुणीचा क्रमांक आणि ईमेल असे तिन्ही लिहावे. सवयीने भारतातला क्रमांक लिहून दिला आणि प्रागला पोहोचल्यावर ते सिम काढून ठेवले, तर दवाखान्याचा फोन एका बंद क्रमांकावर वाजत राहील. चेक प्रजासत्ताकाचा संकेतांक ४२० आहे. त्याने सुरू होणारा अनोळखी क्रमांक फसवणुकीचा समजून कापला जाऊ नये, यासाठी दवाखान्याचे सर्व क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये आधीच नावानिशी साठवावेत.

सर्वांत काटेकोर वेळ असते ती स्त्रीबीजे पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनाची. स्त्रीबीजे काढण्याची वेळ या इंजेक्शनानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी धरलेली असते. ते चुकीच्या वेळी घेतले गेले तर स्त्रीबीजे कच्ची राहण्याचा किंवा काढण्यापूर्वीच सुटून जाण्याचा धोका असतो. आपल्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्यामुळे आपण प्रागमध्ये उतराल तेव्हा तेथील वेळ भारताच्या साडेचार तास मागे असेल, तर परत येऊन काढणीला लागाल तेव्हा हे अंतर साडेतीन तासांवर आलेले असेल. समजा, दवाखान्याने सोमवारी रात्री ९ वाजता इंजेक्शन घ्यायला सांगितले. त्या वेळी देवगडला मध्यरात्र उलटून मंगळवारचे साडेबारा वाजलेले असतील. आपण येथून फोन करून तिला आठवण करून देण्याचे पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे प्रेम कळते, पण वार आणि तास दोन्ही बदलत असताना, दिवसभर बागेत राबलेल्या माणसावर ही जबाबदारी असू नये. गजर पत्नीच्या आणि तिच्या बहिणीच्या फोनवर, प्रागच्याच वेळेप्रमाणे लावलेला असावा. त्या रात्री ‘इंजेक्शन घेतले’ एवढा निरोप तिकडून आला म्हणजे पुरे.

आता पैशांविषयी, कारण संपर्काची खरी कोंडी पुष्कळदा येथेच होते. उपचाराचे पैसे आपल्या खात्यातून किंवा आपल्या कार्डाच्या जोडकार्डावरून जाणार असतील, तर ओटीपी आपल्या फोनवर येईल. पत्नी दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी आहे, आपण कलमावर चढलेल्या गड्याला सूचना देत आहात आणि फोनला रेंज नाही, अशा वेळी काही मिनिटांत ओटीपीची मुदत संपते. त्यामुळे मोठी रक्कम निघण्यापूर्वीच बँकेमार्फत भरावी. तेथे लागणाऱ्या किरकोळ खर्चासाठी पत्नीच्या स्वतःच्या खात्याचे कार्ड असावे आणि त्या खात्याला जोडलेले भारतीय सिम तिच्याच फोनमध्ये असावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमांमुळे नवे कार्ड मिळते तेव्हा त्यावरचे परदेशातील व्यवहार बंद असतात. बँकेच्या अॅपमधून ते आपणच सुरू करावे लागतात. हे काम घरी बसून करावे, विमानतळावर नव्हे.

यावरून सिमचे उत्तर आपोआप मिळते. पत्नीच्या फोनमध्ये दोन सिम असावेत. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे आणि त्यावरचा डेटा मात्र बंद ठेवावा. ते केवळ बँकेच्या संदेशांसाठी असेल. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, आलेल्या कॉलला मात्र पडतात. आपल्या कंपनीचा दर विचारून घ्यावा आणि नातेवाइकांना त्या क्रमांकावर थेट फोन न करण्याविषयी बजावावे. दुसरे सिम प्रागमधले घ्यावे. टी-मोबाइल, ओ-टू आणि व्होडाफोन या तेथील मोठ्या कंपन्या आहेत आणि मेहुणी जी वापरते तीच घेतलेली बरी, कारण अडचण आली तर तिला माहिती असेल. युरोपीय संघात जून २०१७ पासून देशादेशांमधले रोमिंगचे वेगळे दर बंद झाले आहेत. त्यामुळे बहिणीबरोबर एखाद्या दिवशी व्हिएन्नाला जायचे झाले तरी तेच सिम चालते. फोनमध्ये ई-सिमची, म्हणजे कार्ड न घालता चालणाऱ्या सिमची सोय आहे का, हे पाहायचे असेल तर स्टार, हॅश, ०, ६, हॅश एवढे दाबावे. दिसणाऱ्या माहितीत ईआयडी नावाचा लांब क्रमांक असेल, तर सोय आहे. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सअॅप ‘क्रमांक बदलायचा का’ असे विचारू शकते. तेथे नकार द्यावा, म्हणजे जुन्याच क्रमांकावर सगळी बोलणी सुरू राहतील.

आता देवगडची बाजू. वाडीत मोबाइलला रेंज नसली, तरी गावात केबलवाल्याचे किंवा बीएसएनएलचे फायबर आले असेल, तर ते घरात घ्यावे आणि फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करावे. मग टॉवरची रेंज शून्य असतानाही नेहमीचे फोन वाय-फायवरून लागतात आणि बँकेचे एसएमएसही सहसा येतात. मात्र वीज गेली की राउटर बंद पडतो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या एखाद्या सरीबरोबर वीज गेली की ती कधी येईल हे कोकणात कोणी सांगत नाही आणि टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपते. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा त्याच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. शिवाय सड्यावर ज्या कंपनीची रेंज बरी मिळते तिचे दुसरे सिम आपल्या फोनमध्ये ठेवावे. रेंज कमकुवत असताना व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नये; आवाजाचा निरोप ध्वनिमुद्रित करून पाठवला तर रेंज येईल तेव्हा तो जातो आणि ऐकणाऱ्यालाही सवडीने ऐकता येतो.

स्त्रीबीजे काढल्याच्या दुसऱ्या दिवशी किती फळली हे प्रयोगशाळा कळवते. त्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत किती भ्रूण नीट वाढले, हे कळत जाते. हे निरोप बहुधा प्रागच्या सकाळी येतात, म्हणजे आपल्याकडे भर दुपारी, पेट्या भरण्याच्या धांदलीत. येणारा आकडा प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लहान असतो, कारण सगळी स्त्रीबीजे पक्व नसतात, पक्व असलेली सगळी फळत नाहीत आणि फळलेली सगळी पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. ज्याने मोहोर आणि हाती आलेला आंबा यांचा हिशेब वर्षानुवर्षे पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजवायला नको. पण फोनवर ऐकताना ते बोचते. माझी सूचना अशी की आकडा पत्नीने आधी नुसता लिहून पाठवावा आणि आपण गडीमाणसांपासून बाजूला होऊन, घरच्या वाय-फायवर बसून मग फोन करावा. बागेत, चारजणांसमोर, तुटत्या आवाजात ही बातमी ऐकू नये आणि ऐकवूही नये.

आपण येथून करू शकाल अशी खरी मदत कागदपत्रांची आहे. जुने अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे, औषधांची नावे हे सर्व स्कॅन करून एका ठिकाणी ठेवावे आणि मागितल्यावर लगेच पाठवावे. आपल्या सहीची संमतिपत्रे कोणती, त्यांतली कोणती प्रत्यक्ष हजर राहूनच द्यावी लागतात, हे परत निघण्यापूर्वी दवाखान्याला विचारून पूर्ण करावे. एका सहीसाठी भ्रूणरोपण अडून राहिले, तर कोणतेही सिम कामाला येणार नाही. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचे असेल, तर आपणही त्यात सामील व्हावे. मात्र ती वेळ आधी लेखी ठरवून घ्यावी आणि त्या तासाला घरीच असावे.

एक गोष्ट मात्र फोनवर देवगडला विचारत बसण्यासारखी नाही. स्त्रीबीजांची इंजेक्शने सुरू असताना किंवा स्त्रीबीजे काढल्यानंतर पोट झपाट्याने फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे, उलट्या न थांबणे, असे काही झाले तर पत्नीने प्रथम दवाखान्याच्या तातडीच्या क्रमांकावर आणि तेथून उत्तर न मिळाल्यास रुग्णवाहिकेच्या १५५ किंवा युरोपभर चालणाऱ्या ११२ या क्रमांकावर फोन करावा. घरी नंतर कळवले तरी चालेल. हे क्रमांक कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये आणि मेहुणीच्या स्वयंपाकघरात लावलेले असावेत, कारण फोनची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपलेली असते.

प्रश्न : माझे पती दुबईत नोकरीला आहेत आणि आमचा उपचार तेथेच सुरू होत आहे. माझी आई रत्नागिरीजवळ गावी एकटी असते. तिला व्हॉट्सअॅपवर फोन उचलता येतो, बाकी काही येत नाही. दुबईतून तसा फोन लागत नाही असे ऐकले. इंटरनेटवरची बंदी चुकवता येणारे व्हीपीएन नावाचे अॅप टाकून घ्या, असे ओळखीचे लोक सांगतात. काय करावे?
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून लिहिलेले निरोप, छायाचित्रे आणि आवाजाचे निरोप जातात, पण त्यावरून कॉल लागत नाहीत. व्हीपीएनचा सल्ला मानू नये. बंदी चुकवण्यासाठी त्याचा वापर केल्यास तेथील कायद्यात जबर दंड आहे. आपला उपचार, पतीची नोकरी आणि दोघांचा व्हिसा एवढे पणाला लागलेले असताना फुकटच्या कॉलसाठी हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

तेथे परवानगी असलेली बोटीमसारखी अॅप्स आहेत. निघण्यापूर्वी आईच्या फोनमध्ये असे एक अॅप घालून द्यावे, आपले छायाचित्र लावून ते पहिल्याच पानावर ठेवावे आणि घरातल्या घरात, एक खोलीत आणि एक पडवीत बसून आठवडाभर रोज एकदा सराव करावा. आईला ते जमलेच नाही, तर दुबईच्या सिमवर भारतात बोलण्याची मिनिटे असलेले पॅक घ्यावे आणि साधा फोन आपणच करावा. आईने रत्नागिरीहून ९७१ लावून फोन केला तर तिचा रिचार्ज पाहता पाहता संपेल. दुबईची वेळ भारताच्या दीड तास मागे आहे. आपल्याकडे इशाची नमाज होऊन आई निवांत होते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. दोघींसाठी ती वेळ ठरवून टाकावी आणि ज्या दिवशी बोलण्याची इच्छा नसेल त्या दिवशी ‘ठीक आहे, उद्या बोलते’ एवढा आवाजाचा निरोप न चुकता पाठवावा. एकट्या आईला निरोप न येण्याची भीती वाटते. निरोप काय आला हे तिच्या दृष्टीने दुय्यम असते.

तेथील सरकारी सुट्टी २०२२पासून शनिवार-रविवार झाली आहे आणि शुक्रवारी दुपारपर्यंतच कामकाज चालते. रमजानमध्ये दवाखान्यांच्या वेळाही बदलतात. आपला तपासणीचा दिवस त्यात येत असेल, तर वेळ फोन करून पुन्हा विचारून घ्यावी.

प्रश्न : आम्ही उपचारासाठी बँकॉकला जात आहोत, घरी मात्र फिरायला चाललो असे सांगितले आहे. मालवणला आमचे एकत्र कुटुंब आहे आणि घरातील सर्वांचे फोटो एकाच गूगल खात्यावर जातात. अहवाल कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून काय करावे?
— नाव न देण्याची विनंती

उत्तर : तांत्रिक भाग सोपा आहे. उपचारासाठी दोघांचे वेगळे ईमेल खाते काढावे आणि दवाखान्याला तेच द्यावे. व्हॉट्सअॅपमध्ये त्या संभाषणापुरती छायाचित्रे गॅलरीत जाण्याची सोय बंद करावी, संभाषणाला कुलूप लावावे आणि आपल्या फोनमधील त्या सामाईक खात्याचा बॅकअप निघण्याच्या आधीच थांबवावा. आधी चढलेले अहवाल खात्यातून पुसले तरी ते काही दिवस कचरापेटीत राहतात, म्हणून तीही रिकामी करावी.

फिरायला चाललो हे सांगणे मात्र मला अवघड वाटते. फिरायला गेलेल्यांकडून रोज फोटो मागितले जातात आणि इंजेक्शनाच्या दिवसांत देवळासमोर हसत उभे राहणे आपल्याला जड जाईल. ‘एका उपचारासाठी जात आहोत, आल्यावर सांगू, तोवर आम्हीच फोन करू’ एवढे घरातील एका विश्वासाच्या व्यक्तीला, आपल्याकडे मोठी जाऊ किंवा नणंद असेल तर तिला, सांगून ठेवावे आणि बाकीच्यांचे प्रश्न तिने परस्पर मिटवावेत. त्या व्यक्तीकडे बँकॉकमधला पत्ता आणि दवाखान्याचा क्रमांकही असू द्यावा. परक्या देशात दोघांपैकी एकाला भूल दिलेली असताना दुसऱ्यावर काही प्रसंग ओढवला, तर कोणाला फोन करायचा हे दवाखान्याला ठाऊक असले पाहिजे.