डच वास्तुरचनाकार आणि प्राध्यापक विनी मास यांची कारकीर्द थोडक्यात सांगाल का?

विनी मास (जन्म १९५९) डेल्फ्टला वास्तुकला शिकले. १९९३ मध्ये दोन साथीदारांसोबत त्यांनी रॉटरडॅमला ‘एमव्हीआरडीव्ही’ ही वास्तुरचना संस्था काढली. नाव तिघांच्या आडनावांतल्या अक्षरांवरून.

मला विचाराल तर ते खरे कळतात ॲमस्टरडॅमच्या १९९७ च्या वृद्धांच्या इमारतीत. घरं हवी होती १००, पण उजेडाचे नियम पाळून बसत होती ८७. उरलेली १३ त्यांनी उत्तरेच्या भिंतीतून थेट बाहेर काढली. खाली एकही खांब नाही, लाकडी पेट्या हवेत लटकवल्यासारख्या, आणि खालची हिरवळ मोकळीच राहिली. काय डोकं आहे!

रॉटरडॅमचा मार्कटहॉल हा छताखालचा बाजारही (२०१४) त्यांच्याच संस्थेचा. डेल्फ्ट विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्यांनी उद्याच्या शहरांवर काम करणारी ‘द व्हाय फॅक्टरी’ ही संशोधन संस्था उभी केली. पुण्यात हडपसरला अमनोरातले फ्यूचर टॉवर्स पाहिले असतील, तर तेही एमव्हीआरडीव्हीचेच.