ख्रिस्ती लोकांना मरणातपण आशा दिसते म्हणतात, मग ते रडतात कशाला?

रडतात की, सगळ्यांसारखेच रडतात. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय वाचा, येशूचा मित्र लाजर मरून चार दिवस झालेत, येशूला माहितीये आपण याला आता उठवणार, तरी लाजरच्या बहिणीला, मरीयेला रडताना बघून तो स्वतःच रडतो. प्रेषित पौलानेपण थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात रडूच नका असं कुठे लिहिलंय, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका एवढंच. आणि आशा म्हणजे नुसतं आत्मा वर गेला यावर भागत नाही, शरीरासकट पुनरुत्थान, येशूचं झालं तसं. पटायला जड आहे, येशूचा शिष्य थोमा, त्यालाही लगेच नव्हतं पटलं. वसईत 2 नोव्हेंबरला, मेलेल्यांची आठवण करायच्या दिवशी, कॅथलिक सिमेट्रीत जाऊन या, धुतलेल्या कबरी, फुलं, मेणबत्त्या, फादर पवित्र पाणी शिंपडतायत आणि बाजूला नातेवाइकांच्या गप्पा, कुणाचं लग्न ठरलं तेपण तिथेच कळतं.