पंपाखालच्या टाक्या आणि तीन वर्षांची मुदत

प्रश्न, संक्षेपाने: सातारा जिल्ह्यात महामार्गालगत आमची वडिलोपार्जित जमीन आहे. ती एका तेल कंपनीला पेट्रोल पंपासाठी वीस वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने दिली होती. मुदत संपल्यावर कंपनीने पंप बंद केला, वरची यंत्रे आणि छत उचलून नेले, चाव्या दिल्या आणि मी ताबा पावतीवर सही केली. त्याला अडीच वर्षे झाली. जमिनीखालच्या तीन टाक्या मात्र तशाच आहेत. पत्रांना ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढेच उत्तर येते. आता जमीन घेणारे म्हणतात की टाक्या निघाल्याशिवाय खरेदीखत होणार नाही. टाक्या मीच काढाव्यात की कंपनीवर दावा करावा?

उत्तर: रस्त्यांचे रुंदीकरण, उड्डाणपूल आणि बाह्यवळणे यांमुळे जुने पंप बंद पडू लागल्यापासून असे प्रश्न वारंवार येतात. प्रत्येक पत्रात टाक्यांची मालकी कोणाची यावर भरपूर लिहिलेले असते आणि ताबा पावतीची तारीख मात्र ओझरती येते. आपल्या पत्रातही ती तिसऱ्या पानावर सापडली. आपल्या प्रकरणाचा निकाल मालकीच्या चर्चेपेक्षा त्या तारखेवर अधिक अवलंबून आहे.

भाडेपट्टा संपल्यावर जागा मूळ स्थितीत परत न करणे हा कराराचा भंग असून, त्याच्या भरपाईचा दावा मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५५ नुसार भंग झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. कंपनीने चाव्या दिल्या आणि टाक्या मागे ठेवल्या, त्याच दिवशी भंग झाला असे न्यायालय धरून चालण्याची शक्यता मोठी आहे. टाक्या आजही तेथेच असल्याने भंग रोज चालू आहे, असा युक्तिवाद एखादा वकील करील आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. परंतु हाताशी सहा महिने शिल्लक असताना त्या युक्तिवादाच्या भरवशावर बसून राहणे मला मान्य नाही.

आपण या काळात कंपनीला पाठवलेल्या पत्रांची फाइल मोठ्या अभिमानाने सोबत जोडली आहे. त्या पत्रांनी मुदत एका दिवसानेही वाढलेली नाही. मुदत नव्याने सुरू होते ती समोरच्या पक्षाने, मुदत संपण्यापूर्वी, आपली जबाबदारी सही करून लेखी कबूल केली तर. हा नियम त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. ‘विचाराधीन आहे’ ही कबुली नव्हे. ‘टाक्या काढण्यासाठी कंत्राटदार नेमला आहे, परवानगी आली की काम सुरू करू’ अशा आशयाचे, अधिकाऱ्याच्या सहीचे एक जरी पत्र असेल तर ते आपल्या साऱ्या फाइलपेक्षा मोलाचे आहे. ते आजच शोधून बाजूला ठेवावे. तसे पत्र ईमेलने आलेले असल्यास ते पुराव्यात आणता येते, पण सहीच्या मुद्द्यावर वाद होणार हे गृहीत धरावे.

मुदतीचा मुद्दा सोडून वादाच्या मूळ प्रश्नावर आपली बाजू बरी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूला जमिनीत बसवलेल्या वस्तू काढून नेण्याचा हक्क फक्त त्याचा ताबा असेपर्यंतच असतो आणि त्या काढताना जागा मिळाली होती तशी ठेवावी लागते. जागा चांगल्या स्थितीत परत करण्याचे बंधन त्याच कलमात वेगळे सांगितले आहे. ताबा सुटल्यावर टाक्या काढण्याचा कंपनीचा हक्क संपला, म्हणून टाक्या आता जमीनमालकाच्या झाल्या, असे कंपनीचे वकील म्हणतील. हक्क संपल्याने बंधन संपत नाही, हे आपले उत्तर राहील. मात्र भाडेपट्ट्यात टाक्यांबाबत निराळी अट असेल तर ती कलम १०८ वर मात करते, आणि तो दस्त आपण मला पाठवलेलाच नाही. शिवाय ताबा पावतीत ‘जागा आहे त्या स्थितीत मिळाली’ असे वाक्य आहे. मी त्याचा अर्थ स्थितीची नोंद असा लावतो आणि त्यात हक्क सोडल्याचे कोठे दिसत नाही. न्यायाधीश काय म्हणतील याची हमी मात्र देता येत नाही. कंपनीने तयार करून आणलेल्या कागदावर ‘टाक्या काढणे बाकी’ एवढे तीन शब्द हाताने लिहिले असते तर आज हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

आता दावा दाखल करण्याच्या वाटेतील दोन अडथळे. तालुक्याच्या वकिलांनी आपल्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खालील दोन महिन्यांची नोटीस द्यायला सांगितले आहे. ती नोटीस सरकारसाठी आहे. सरकारी मालकीची तेल कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असल्याने तिच्यासाठी ती लागत नाही. साधी वकिली नोटीस पंधरा दिवसांची द्यावी आणि पुढे जावे.

दुसरा अडथळा खरा आहे. पंपासाठीच वापरल्या गेलेल्या जागेच्या करारातून उद्भवलेला, तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा वाद हा व्यापारी न्यायालये अधिनियम, २०१५ खाली मोडतो. त्याच्या कलम १२अ नुसार दाव्यापूर्वी मध्यस्थीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावाच लागतो, आणि तो न केल्यास दावापत्र फेटाळले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तातडीचा अंतरिम दिलासा मागून ही पायरी वगळता येते. परंतु अडीच वर्षे स्वस्थ बसलेल्या वादीने तातडी सांगितली तर न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मी पाहिले आहे. मध्यस्थीला तीन महिने आणि उभय पक्षांच्या संमतीने आणखी दोन महिने मिळतात. हा काळ मुदतीतून वगळला जातो, हा त्यातला दिलासा. तरीही अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये, कारण ‘मध्यस्थीत गेलेला काळ’ नेमका कोणत्या दिवसापासून मोजायचा यावर पुन्हा एक वाद उभा राहतो, आणि आपल्याकडील न्यायालये असा वाद दोन-तीन वर्षे सहज चालवतात.

टाक्या स्वतः काढाव्यात का, तर परवानगीशिवाय आणि पंचनाम्याशिवाय मुळीच नाही. ‘टाक्या रिकाम्या आहेत’ असे आपण दोनदा लिहिले आहे. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तळाशी राहिलेल्या थोड्या पेट्रोलची वाफ हवेत मिसळून स्फोटक होते. गॅस कटर घेऊन आलेला भंगारवाला तिला पेटवायला पुरेसा आहे. टाकी धुऊन, वायुमुक्त करून, सक्षम व्यक्तीचा तसा दाखला घेतल्यावरच तिला हात लावायचा असतो. तळाचा तेलकट गाळ आणि धुण्याचे पाणी २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्यावे लागते. शेजारच्या इमारतीच्या पायाला धोका असल्यास टाकी जागीच वाळूने किंवा काँक्रीटने भरण्याचा मार्गही वापरतात, पण घेणाऱ्यांना तळघर बांधायचे असेल तर त्याचा उपयोग नाही.

येथेच आपल्या हातात एक दबावाचे साधनही आहे. पेट्रोलियम नियम, २००२ नुसार परवानाधारकाचा जागेवरील हक्क संपला की साठवणुकीचा परवाना रद्द ठरतो, आणि मुदत संपल्यावर नुसता ताबा धरून ठेवणे म्हणजे हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले आहे. तेव्हा टाक्यांत पेट्रोल उरले असेल तर ते परवान्याविना पडून आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेला, जिचे मुख्यालय नागपूरला आहे, आणि ज्यांनी मूळ ना हरकत प्रमाणपत्र दिले त्या जिल्हाधिकाऱ्यांना हे लेखी कळवावे आणि प्रत कंपनीला द्यावी. वकिली नोटिशीला न हलणाऱ्या कंपन्या अशा पत्राने पुष्कळदा हलतात. अर्थात जागा आज आपल्या ताब्यात असल्याने पहिला प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल, त्याची तयारी ठेवावी.

दाव्यात टाक्या काढण्याचा आदेश, तो न पाळल्यास खर्च आणि माती दूषित आढळल्यास तिची भरपाई, असे सारे एकत्र मागावे. मातीचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, कंपनीला आधी कळवून, टाक्या जागेवर असतानाच घ्यावेत. विहीर असेल तर पाणीही तपासावे. दावा दाखल झाल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेची पाहणी करून न्यायालयाला अहवाल देणारी व्यक्ती, नेमून घेता येईल. एकदा खड्डा खणून बुजवला की गळती कोणाच्या काळातली, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

राहिला व्यवहार. जमीन घेणाऱ्यांना टाक्या ठाऊक आहेत हे चांगलेच आहे, कारण सहज न दिसणारा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ म्हणते. साठेखतात टाक्यांची संख्या आणि जागा नकाशासह नमूद करावी. परंतु ‘सहा महिन्यांत टाक्या स्वखर्चाने काढून देईन’ ही त्यांच्या मसुद्यातील अट काढून टाकावी. तीवर सही केल्यास कंपनी आपलाच कागद न्यायालयात दाखवून म्हणेल की ही जबाबदारी मालकाने स्वतः स्वीकारली होती. त्याऐवजी घेणाऱ्यांनी किमतीतली ठरावीक रक्कम राखून ठेवून टाक्या निघाल्यावर ती आपल्याला द्यावी, असे ठरवता येईल. आणि कंपनीकडून वसुली करण्याचा हक्क खरेदीखतानंतरही आपल्याकडेच राहील, हे वाक्य मसुद्यात स्पष्ट लिहून घ्यावे. मूळ भाडेपट्टा, ताबा पावती आणि कंपनीची सर्व पत्रे घेऊन या आठवड्यातच जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलांना भेटावे.