साडेतीन शिलिंग आणि पार्लमेंट

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सेकंड मेटचं, म्हणजे जहाजावरच्या अधिकाऱ्याचं, तिकीट (परवाना) हातात असताना जहाज सोडायचं, शिपिंगचा धंदा काढायचा आणि पुढं नगरपरिषद लढवायची म्हणतोस. ‘तुम्ही तरी समजवा’ असा तुझ्या आईचा फोन आला होता. समजवत नाही, एका माणसाची हकिकत सांगतो.

विल्यम शॉ लिंडसे, स्कॉटलंडमधल्या एअरचा. आईबाप लहानपणीच गेले. पंधराव्या वर्षी साडेतीन शिलिंग घेऊन घर सोडलं, कोळशाच्या बोटीवर फावडं मारत लिव्हरपूल गाठलं. तिथं कित्येक आठवडे काम मिळेना, रात्री उघड्यावर काढल्या. मग केबिन बॉय, म्हणजे जहाजावरचा पोऱ्या. 1836 मध्ये, जेमतेम विशीत, कॅप्टन. इराणच्या आखातात तलवारीचा वारही खाल्ला. तुझ्या-माझ्या खलाशी आयुष्यात यातलं काही नाही, म्हणून हे पटकन उरकतो.

खरी गोष्ट पुढं आहे. 1841 च्या सुमाराला किनाऱ्यावर आल्यावर त्यानं लगेच धंदा मांडला नाही. हार्टलपूलला एका कोळसा कंपनीचा एजंट म्हणून राहिला. आपण जहाजावरचे लोक हॅच (मालाच्या कोठाराचं झाकण) बंद झालं की काम संपलं म्हणतो. मालाचं भाडं कुणी ठरवलं, डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, कुणाच्या खिशातून गेला, हे धक्क्यावर बिलं चाळल्याशिवाय कळत नाही. मला ते निवृत्तीनंतर टग (जहाजं ओढणारी बोट) घेऊन कळलं. दीड वर्षात टगही गेला आणि फंडाचे पैसेही. लिंडसे 1845 ला लंडनला गेला आणि देशातल्या मोठ्या जहाजमालकांत त्याची गणना होऊ लागली.

निवडणूक? 1852 मध्ये दोन ठिकाणी आपटला. 1854 ला टाइनमथमधून निवडून आला, 1859 ला संडरलँडमधून. जहाजांवर बोलला की सभागृह ऐकायचं. पण अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा हा दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरीवाल्यांच्या बाजूनं उतरला. (त्याच युद्धानं मुंबईत कापसाचा पैसा ओतला आणि 1865 ला ओसरताना पेढ्या बुडवल्या.) 1862 मध्ये तो पॅरिसला जाऊन फ्रान्सच्या सम्राटाला, नेपोलियन तिसऱ्याला, भेटला आणि त्याचा निरोप घेऊन परतला. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री रसेल, त्यानं तो घ्यायला नकार दिला. असल्या कामाला राजदूत असतात. पुढच्या वर्षी रोबक या दुसऱ्या खासदाराबरोबर पुन्हा गेला. रोबकनं खासगी बोलणं पार्लमेंटमध्येच फोडलं, फ्रेंचांनी कानावर हात ठेवले, दक्षिणेला मान्यता देण्याचा रोबकचा ठराव मागं घ्यावा लागला. भाड्याची घासाघीस आणि राजकारण एकच, असं बहुधा त्याला वाटलं असावं.

नंतर पक्षाघातानं त्याची खासदारकी सुटली. मग बसून त्यानं व्यापारी जहाजांचा इतिहास लिहिला, चार खंड.

सुट्टीत आलास की ये. बॅलार्ड इस्टेटला माझा एक जुना सोबती एजंटाकडं बसतो. तीन महिने त्याच्या शेजारी बसून बिलं लिहिशील का, तेवढं आधी कळव. आईला म्हणावं, काकांनी भरपूर समजावलं.

तुझा,
काका