मेडिकल रायटिंगमध्ये यायचं असेल तर इंग्रजीच्या आधी टेबल वाचायला शिका

तुम्ही विचारलंय की सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर पदवी झाली आहे, लॅबमध्ये मन रमत नाही, लिहायची आवड आहे पण इंग्रजी बेताचं आहे. तर मेडिकल रायटिंगकडे, म्हणजे औषधांच्या चाचण्यांचे (क्लिनिकल ट्रायल्सचे) अहवाल आणि शोधनिबंध लिहिण्याच्या कामाकडे, वळावं का, आणि त्यासाठी पीएचडी लागते का. मी याच कामात आहे. आधी क्लिनिकल ट्रायल्सचे अहवाल लिहायचे, आता जर्नलमधले शोधनिबंध आणि परिषदांची पोस्टर्स बघते. नव्या रायटर्सचे ड्राफ्ट तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, त्यामुळे या कामात कोण रुळतं आणि कोण कंटाळून निघून जातं हे जवळून पाहायला मिळतं.

जरूर वळा. पण इंग्रजीची काळजी थोडी बाजूला ठेवा आणि आकड्यांची करा. व्याकरण सुधारता येतं. अहवालाचा साचा ठरलेला असतो, बरीचशी वाक्यरचनाही ठरलेली असते. समोरच्या टेबलावरून नेमकं किती म्हणता येतं आणि कुठे थांबायचं हे ज्याला कळतं, तो माणूस इथे टिकतो.

एक छोटा नमुना देते. समजा, एका ट्रायलच्या सेफ्टी टेबलात लिहिलंय की औषध घेणाऱ्या २१२ रुग्णांपैकी ३१ जणांना डोकेदुखी झाली आणि प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणाऱ्या २०८ पैकी २७ जणांना. नवा रायटर बहुतेक वेळा लिहितो, ‘औषधामुळे ३१ रुग्णांना डोकेदुखीचा त्रास झाला.’ वाक्य व्याकरणात चोख आहे, आणि तरी मी ते परत पाठवते. ‘औषधामुळे’ हे टेबल म्हणतच नाही. उपचार सुरू असताना घडलेली घटना आणि उपचारामुळे घडलेली घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय प्लासिबोचा गट गायब झाला आणि टक्केवारीही नाही. तेच वाक्य ‘औषधाच्या गटात ३१ रुग्णांत (१४.६ टक्के) आणि प्लासिबोच्या गटात २७ रुग्णांत (१३.० टक्के) डोकेदुखीची नोंद झाली’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला दोन्ही गटांत फारसा फरक नाही हे आपोआप दिसतं. शेजारच्या रकान्यात घटनांची संख्या ३८ असेल तर आणखी एक सापळा, कारण एकाच रुग्णाला दोनदा डोकेदुखी होऊ शकते. रुग्णांची संख्या आणि घटनांची संख्या यांची सरमिसळ ही नव्या ड्राफ्टमध्ये मला सर्रास सापडते.

हे वाचून ‘अरे, यात मजा आहे’ असं वाटलं असेल तर तुम्ही योग्य दारात उभे आहात. कंटाळा आला असेल तर बाकीचं उत्तर वाचायची गरज नाही, कारण रोजचं काम हेच आहे.

ढोबळमानाने कामाचे दोन प्रवाह आहेत. पहिला रेग्युलेटरी, म्हणजे औषधाला परवानगी देणाऱ्या यंत्रणांसाठीची कागदपत्रं: प्रोटोकॉल (ट्रायलचा आराखडा), इन्व्हेस्टिगेटर्स ब्रोशर (ट्रायल करणाऱ्या डॉक्टरांसाठी औषधाची माहिती), रुग्णाचं संमतिपत्र, ट्रायल संपल्यावरचा क्लिनिकल स्टडी रिपोर्ट म्हणजे सीएसआर, आणि औषध बाजारात आल्यानंतर ठरावीक काळाने द्यायचे सुरक्षितता अहवाल. सीएसआरची रचना आयसीएच या औषध-नियमनातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ई३ या मार्गदर्शक तत्त्वांवरून येते. ती १९९५ची आहेत आणि अजूनही रोज उघडली जातात. हे सगळं शेवटी सीटीडी नावाच्या पाच मॉड्यूलच्या फाइलीत जातं. पहिल्यात त्या-त्या प्रदेशाची प्रशासकीय कागदपत्रं, दुसऱ्यात सारांश, तिसऱ्यात औषधाची गुणवत्ता, चौथ्यात प्राण्यांवरचे आणि प्रयोगशाळेतले अभ्यास, पाचव्यात माणसांवरच्या ट्रायल्स. अनुभवी रायटरचा खरा कस दुसऱ्या मॉड्यूलमध्ये लागतो, कारण हजारो पानांचा अर्थ तिथे थोडक्यात आणि न फिरवता सांगायचा असतो.

बाहेरून न दिसणारा भाग म्हणजे रिव्ह्यू. डेटाबेस लॉक झाला, म्हणजे ट्रायलचा डेटा अंतिम ठरवून बंद केला गेला, स्टॅटिस्टिक्सच्या टीमकडून टेबल्स, लिस्टिंग्ज आणि फिगर्स आल्या, की ठरलेल्या तारखेपर्यंत ड्राफ्ट हवा असतो. तो सगळ्यांकडे जातो आणि कॉमेंट्सनी भरून परत येतो. स्टॅटिस्टिशियन म्हणतो, हा निष्कर्ष प्रायमरी एंडपॉइंटवर (ट्रायलच्या आधीच ठरवलेल्या मुख्य मोजमापावर) आधारलेला नाही, काढा. डॉक्टर म्हणतात, रुग्णाच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा आहे, वर आणा. सेफ्टीच्या टीमला एक परिच्छेद वाढवून हवा असतो, तर आणखी कोणाला तोच लहान हवा असतो. तेव्हा मीटिंग बोलवायची, प्रत्येक वादाच्या मुद्द्यावर प्रोटोकॉलमध्ये आणि स्टॅटिस्टिकल अॅनालिसिस प्लॅनमध्ये आधी काय लिहून ठेवलंय ते स्क्रीनवर दाखवायचं आणि निर्णय करून घ्यायचा. हे रायटरचं काम आहे. सगळ्यांत ज्युनियर माणूसही ‘सर, प्लॅनमध्ये हे विश्लेषण आधीपासून ठरलेलं नव्हतं’ असं शांतपणे म्हणू शकला पाहिजे. मला विचाराल तर लेखनकौशल्यापेक्षा हा गुण दुर्मीळ आहे आणि तो शिकता येतो.

दुसरा प्रवाह मेडिकल कम्युनिकेशन्सचा, बोलीत मेडकॉम: शोधनिबंध, अॅब्स्ट्रॅक्ट (निबंधाचा सारांश), पोस्टर्स, डॉक्टरांच्या शिक्षणाचं साहित्य. इथे गती जास्त, विषय सतत बदलते, भाषेला थोडा मोकळेपणा. पण नीतीचा प्रश्न इथे जास्त टोकदार आहे आणि त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक हृदयविकाराच्या वाढलेल्या धोक्यामुळे २००४मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. पुढे कोर्टात आलेल्या कागदपत्रांवरून २००८मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलात जो लेख आला, त्यात दिसलं की त्या औषधावरचे काही निबंध पडद्यामागे दुसऱ्यांनी तयार केले होते आणि नावं मात्र मान्यवर संशोधकांची होती. या पद्धतीला घोस्टरायटिंग म्हणतात आणि ती आपल्या पेशाला लागलेली कीड आहे. मेडिकल जर्नलांच्या संपादकांची समिती, आयसीएमजेई, लेखक होण्यासाठी चार अटी घालते: अभ्यासाची कल्पना, आखणी किंवा डेटा यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्याची कसून चिकित्सा, अंतिम रूपाला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. आपण रायटर सहसा त्यात बसत नाही, म्हणून आपलं नाव आणि आपल्याला पैसे कोणी दिले हे ऋणनिर्देशात स्पष्ट छापलं गेलं पाहिजे. जिथे हे टाळलं जातं तिथे नोकरी करू नका, पगार कितीही चांगला असला तरी.

पीएचडीचं थोडक्यात. रेग्युलेटरीत सुरुवात करायला ती लागतेच असं नाही. लाइफ सायन्सेसमधली पदव्युत्तर पदवी, फार्मसी, दंतवैद्यक अशा पार्श्वभूमीची पुष्कळ माणसं तिथे उत्तम काम करतात. मेडकॉममधल्या काही एजन्सीज पीएचडीला पसंती देतात. पण निव्वळ मेडिकल रायटिंगसाठी म्हणून पीएचडी करू नका. संशोधनाचा प्रश्न तुम्हाला झोपू देत नसेल तर करा, ते वेगळं कारण आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं: एआयमुळे हे काम राहील का? गोड उत्तर देणार नाही. पेशंट नॅरेटिव्ह, म्हणजे ट्रायलमधला मृत्यू किंवा गंभीर घटना यांची एकेका रुग्णाची हकीकत, हे आजवर नवख्यांना हात बसवायला दिलं जाणारं काम होतं. त्याचे आणि सीएसआरच्या साचेबद्ध भागांचे पहिले मसुदे आता मशीन काढू लागलं आहे. म्हणजे आत येण्याचं नेहमीचं दार अरुंद होतंय. पण मशीनने लिहिलेलं वाक्यही टेबलाशी ताडून बघावं लागतं आणि ‘डोकेदुखी औषधामुळे झाली’ असं वाक्य तेही अगदी आत्मविश्वासाने लिहू शकतं. आयसीएमजेईने २०२३मध्येच स्पष्ट केलं की एआयला लेखक म्हणून नाव देता येणार नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. जबाबदारी घेणारा, चूक पकडणारा माणूस लागणार आहे. म्हणून तयारी करताना मसुदा लिहिण्याइतकाच वेळ दुसऱ्याचा मसुदा तपासण्याला द्या. क्यूसीची, म्हणजे मसुद्यांच्या तपासणीची, जागा मिळाली तर कमी समजू नका. सोर्सशी एकेक आकडा जुळवताना जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही.

आणखी एक दार सध्या उघडं आहे, त्याकडे फार कोणाचं लक्ष नाही: सामान्य माणसाला समजेल असा निकालांचा सारांश. युरोपीय संघाचा ५३६/२०१४ हा क्लिनिकल ट्रायल्सचा नियम ३१ जानेवारी २०२२पासून लागू आहे आणि त्यात ट्रायल संपल्यानंतर साधारण वर्षभरात असा सारांश देणं बंधनकारक आहे. ज्या रुग्णांनी आपलं शरीर त्या अभ्यासाला दिलं, त्यांना निकाल कळायलाच हवा, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं. ते दिसतं तितकं सोपं नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकतो याचा अंदाज) न वापरता अनिश्चितता कशी सांगायची, यावर आमच्याकडे तासन् तास चर्चा होते.

आता तयारी. महागड्या सर्टिफिकेट कोर्सने सुरुवात करू नका. मोफत उपलब्ध असलेला एखाद्या रँडमाइज्ड ट्रायलचा (जिथे कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं) निबंध घ्या, त्याचा अॅब्स्ट्रॅक्ट न वाचता झाकून ठेवा, पद्धती आणि टेबल्स वाचून स्वतः २५० शब्दांत लिहा. मग कन्सॉर्टची, म्हणजे ट्रायलच्या निबंधात काय काय यायला हवं याची, यादी समोर ठेवून तपासा: प्रत्येक गटात किती रुग्ण होते ते आलं का, प्रायमरी एंडपॉइंट आधी आला का, परिणामासोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल आहे का, दुष्परिणाम सांगितले का. त्यानंतरच छापलेला अॅब्स्ट्रॅक्ट उघडा. पुढची पायरी म्हणजे क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या ट्रायल्सच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर तीच ट्रायल शोधून तिथे आधी नोंदवलेला प्रायमरी एंडपॉइंट आणि निबंधात मिरवलेला एंडपॉइंट एकच आहेत का ते पाहणं. कधीकधी नसतात. ते पहिल्यांदा स्वतःहून सापडलं की हे काम कशासाठी आहे ते कळतं. सोबत पी व्हॅल्यू, रिलेटिव्ह आणि अॅब्सोल्यूट रिस्क, हॅझर्ड रेशो एवढं पक्कं करा. धोका २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला तर ‘निम्मा झाला’ हेही खरं आणि ‘१०० जणांत एकाला फायदा झाला’ हेही खरं. दोन्ही सांगायला हवं.

असे तीन-चार नमुने तयार झाले की अर्जासोबत जोडा. बहुतेक ठिकाणी रायटिंग टेस्ट असते. तिथे वेळ कमी पडला तर सुंदर पण न तपासलेलं पान देण्याऐवजी अर्धंच पान द्या, पण त्यातला प्रत्येक आकडा ताडून पाहिलेला असू द्या. आणि मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: पहिल्या वर्षी माझे ड्राफ्ट कोण तपासणार आणि लाल खुणांवर माझ्याशी बसून बोलणार का? ‘आमच्याकडे सगळे स्वतःच शिकतात’ असं उत्तर आलं तर दुसरी ऑफर शोधा.