क्षेपणास्त्र संरक्षणाचा अभ्यास सुरू करताना

पणजीतील आपल्या अभ्यासमंडळात तुम्ही आलात, याचा मनापासून आनंद आहे. आरंभी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा १९७२चा करार मुळातून वाचा. एकाची ढाल बळकट झाली की दुसरा अधिक भाले जमवतो, हे ओळखूनच अमेरिका व सोव्हिएत संघाने प्रत्येकी दोनच संरक्षणस्थळांची मर्यादा मान्य केली आणि १९७४च्या पुरवणी कराराने ती एकावर आणली. माझ्या जुन्या वहीच्या पहिल्या पानावर एवढेच लिहिलेले आहे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- संरक्षणाची यंत्रणा निरुपद्रवीच असते, असे गृहीत धरणे.
- एकूण साठा व तैनात अस्त्रे यांची गल्लत करणे. अमेरिका व रशिया यांच्यातील २०१०च्या न्यू स्टार्ट या अण्वस्त्र-मर्यादा करारातील १५५० ही मर्यादा केवळ तैनात सामरिक (लांब पल्ल्याच्या) अण्वस्त्रांसाठी ठरली होती.

रडारचे तांत्रिक तपशील तूर्त बाजूला ठेवा. २००२मध्ये अमेरिका १९७२च्या करारातून का बाहेर पडली, हे आधी समजून घ्या.