मरळ, आगळ आणि पारा

प्रश्न : आमचे घर नदीकाठी आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत आहे. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद झाली की घरात डोहातली मरळ, शिंगटी आणि चढणीचे मासे येतात. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला सातवा महिना आहे. नदीच्या माशांत पारा, शिसे असते असे ऐकून धास्ती वाटते. सासूबाई म्हणतात, राखेने चोळून हळद, मीठ, आगळ लावले की सगळे उतरते. हे खरे का?
– एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : सासूबाईंच्या उपायाने मरळीची बुळबुळ आणि चिखलाचा वास जातो, पारा जात नाही. नदीच्या तळाच्या गाळात बसलेल्या पाऱ्याचे काही जिवाणू मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि हा पारा माशाच्या मांसातील प्रथिनांनाच घट्ट बांधला जातो, त्यामुळे तो धुऊन, तळून किंवा कालवण उकळून निघत नाही. उलट शिजताना पाणी उडते आणि तेवढ्याच वजनाच्या तुकडीत पारा किंचित अधिक भरतो. लाल कल्ले आणि चकचकीत डोळा मासा ताजा असल्याचे सांगतात, धातूविषयी काहीच सांगत नाहीत.

मरळ आणि शिंगटी लहान मासे खातात, त्या माशांनी खाल्लेल्या किड्यांतला पाराही त्यांच्या अंगी साठत जातो. म्हणून जितकी मोठी आणि जुनी मरळ तितका पारा अधिक असण्याचा संभव. जागतिक तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये गर्भाच्या मेंदूची वाढ डोळ्यांपुढे ठेवून मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या लेकीचे वजन ५५ किलो धरले, तर ही मर्यादा ८८ मायक्रोग्रॅम होते. समजा मरळीत किलोमागे ०.५ मिलिग्रॅम मिथाइल पारा आहे. मग जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम मांसातच आठवड्याचा वाटा संपतो. ताटात भरपूर वाढणाऱ्या आईच्या हाताला हे वजन काहीच नाही!

म्हणून बाळंतपण आणि अंगावर पाजणे संपेपर्यंत त्या डोहातली मोठी मरळ आणि शिंगटी तिला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मासे मात्र बंद करू नयेत. बाळाला त्यांतील प्रथिने आणि स्निग्धाम्ले हवीच असतात. मासेमारी सुरू झाली की तारली, बांगडा द्यावा. मुशी आणि मोठी सुरमई टाळावी, कारण तीही शिकारी मासळी आहे.

कॅडमियमची गोष्ट थोडी निराळी आहे. ते मांसापेक्षा यकृत आणि मूत्रपिंडात अधिक साठते. मासा चिरल्यावर पाठीच्या काट्याला आतून चिकटलेली काळपट लाल पट्टी दिसते, तेच त्याचे मूत्रपिंड. ती नखाने खरवडून काढावी आणि आतडी, काळीज टाकून द्यावे. शिसे हाडांत आणि कल्ल्यांत बसते, तेव्हा वसाहतीच्या खालच्या अंगाच्या मोठ्या माशाचे डोके कालवणात घालू नये. चढणीचे चिमुकले मासेही पोट साफ करूनच करावेत. (अंड्यांनी भरलेले ते मासे सरसकट पकडले तर पुढच्या वर्षी नदीत काय उरणार, हा प्रश्न वेगळाच.)

आजवर जे खाल्ले गेले, त्याचा घोर लावून घेऊ नये. नवा पारा पोटात गेला नाही, तर शरीरातला मिथाइल पारा साधारण ५० दिवसांत निम्मा होतो. नेमके जाणून घ्यायचे असेल, तर गावाने मिळून एकाच डोहातले पाच-सहा मासे बर्फात घालून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावेत आणि मांसातल्या धातूंची तपासणी मागावी. नुसत्या पाण्याचा अहवाल पुरेसा धरू नये, कारण पाणी वाहून जाते आणि धातू गाळात राहतात.